चिखलातली पंगत

इंदूताई मला पहिल्यांदा दिसल्या त्या पालथ्या पडलेल्या. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती आणि दूर चिखलात एक बाई निपचित. मी तलासरीच्या शाळेतला मास्तर, रविवारचा फिरायला आलेलो. ओरडत धावत सुटलो. जवळ पोचलो तशी ती बाई मान न वळवता म्हणाली, "बस खाली, मेल्या! सगळे उडवलेस."

त्यांच्या हातात कॅमेरा होता, आणि मी येईपर्यंत समोर शे-दीडशे चिखल्या पक्षी चरत होते. मुठीत मावतील एवढे हे पक्षी हिवाळ्यात फार लांबून आमच्या किनाऱ्यावर येतात.

तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या ताई चिकूच्या वाडीत एकट्याच राहत. पक्ष्यांचे फोटो हे त्यांचं वेड, ते त्यांनी मलाही लावलं. "मास्तर, ढोपरं घासल्याशिवाय फोटो मिळत नाही," असं दर रविवारी ऐकवायच्या. पक्ष्यांना त्या पाहुणे म्हणत. "उपाशीपोटी उडत आलेत बिचारे. ओहोटी आहे तोवर जेवतील."

मला मात्र हवा होता उडत्या थव्याचा फोटो. सगळा थवा एकदम वळतो तेव्हा पांढरी पोटं लखकन चमकतात, त्यावर माझा जीव जडला होता. एकदा ताई लेन्स पुसत असताना मी हळूच उभा राहिलो आणि जोरात टाळी वाजवली. थवा उडाला, फोटो हलला. ताई एवढंच म्हणाल्या, "चल, घरी जेवायला."

वालाचं बिरडं, गरम भात, तळलेले बोंबील. मी पहिला घास उचलला आणि ताईंनी माझ्या कानाशी टाळी वाजवली. "ऊठ! अंगणाला फेरी मारून ये." मला गंमत वाटली. परत येऊन घास उचलला, पुन्हा टाळी. तिसऱ्या फेरीला शेजारच्या वाडीतल्या गुजराती बेन कुंपणावरून विचारू लागल्या, "शूं थयुं, मास्तर?"

"काही नाही, त्याला उडवून बघतेय," ताई म्हणाल्या. मग माझ्या पानात आणखी एक बोंबील वाढला. "आता सावकाश जेव. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये रे." मी शरमेने अर्धा झालो होतो, पण बोंबील सोडले नाहीत.

पुढे ताईंचे गुडघे गेले. लेकीने त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "एकदा पाहुण्यांची पंगत बघायचीय." मी प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या वाळूत मांडून त्यांना बसवलं. खुर्चीला बुजून पाहुणे लांबच राहिले. मग भरती लागली, पाण्याने त्यांना आमच्याकडे ढकललं, आणि बघता बघता शेजारच्या उंचवट्यावर पंगत बसली.

पाणी ताईंच्या पोटऱ्यांपर्यंत आलं.

"ताई, उठा आता."

"हलू नकोस. जेवताहेत."

खुर्चीचे पाय रुतले, ताई कलल्या. मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि त्यांना दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात उंचवट्यावर पाणी चढलं. थवा आपणहून उठला आणि आमच्या डोक्यावरून वळला. पांढरी पोटं लखकन चमकली.

"पोट भरून उठले बघ! काढ, काढ फोटो!" ताई ओरडल्या.

"कसा काढू? तुम्हाला सोडू?"

ताई इतक्या हसल्या की खुर्ची आणखी रुतली.

तो फोटो माझ्याकडे नाही. हिवाळा लागला की नाशिकहून ताईंचा फोन येतो. माझी तब्येत, शाळा, सगळं नंतर. आधी विचारतात, "मास्तर, पाहुणे जेवले का?"