दाराबाहेरची थोरली

इंद्रपुरीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची असावी. मांडीवर केकचा डबा. स्पीडब्रेकर आला की ती तो दोन्ही हातांनी अलगद उचलून धरायची आणि ड्रायव्हरला दटावायची, "भैया, धीरे! केक है."

त्या हिंदी मुलखात फोनवरचं माझं मराठी ऐकून ती आपणहून बोलायला लागली.

"येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. धाकटा मुलगा घर सोडून जातो, सगळं उधळून परत येतो. बाप मेजवानी देतो, आणि घरीच राबलेला थोरला रुसून दाराबाहेर उभा राहतो. माझा धाकटा भाऊही असाच घर सोडून गेला. आईवडिलांचं सगळं मी केलं. ही गोष्ट वाचली की मी दरवेळी चिडायचे."

"शेवटी थोरला आत जातो का?" मी विचारलं.

"ते येशूने सांगितलंच नाही. फार उशिरा कळलं, ते माझ्यावर सोडलंय." ती ताठ बसली. "भाऊ आज येतोय. वडील आता नाहीत. केक मी केलाय, आणि दारही मीच उघडणार."

तिचा स्टॉप आला. डबा छातीशी धरून ती उतरली. ना ओळख ना पाळख, पण तिच्याकडे बघताना माझीच मान ताठ झाली.