सहीआधी सागवनात दोन दिवस

माणसानं गर्दीतून बाहेर पडावं, निसर्गात एकटं राहावं, म्हणजे आतला आवाज ऐकू येतो, हे मी वीस वर्षं वर्गात शिकवतेय. डिसेंबरात तो ऐकायची वेळ माझ्यावरच आली. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तपासणी समितीसमोर सांगून टाकलं की हजेरीपट खोटे आहेत. ते खरंच होतं. पण सांगताना त्यांनी चार जणांचा अपमानही केला. त्या प्राध्यापकांनाच काढा, अशा पत्रावर स्टाफमधल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी तेवढी राहिली. मुदत सोमवारची. शनिवारी सकाळी मी यवतमाळहून पांढरकवड्याची एसटी धरली.

रस्ता दोनेक तासांचा, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून शेअर जीप, मग सागाच्या जंगलाला लागून माझ्या विद्यार्थिनीच्या, पल्लवीच्या वडिलांचं शेत. शेतातली खोली त्यांनी झाडून ठेवली होती. पांघरूण मात्र आपलं न्या, थंडी कडक असते.

"एकट्या काहून राहता मॅडम? घरी काही झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, जरा विचार करायचाय."

"विचार त घरी बी होते," ते म्हणाले आणि कापूस वेचणाऱ्या बायांकडे गेले.

दुपारभर सागाखाली बसले. पानं एवढी मोठी की गळताना कुणीतरी चालत आल्यासारखं वाटतं. दर वेळी मान वळवत होते. आतला आवाज म्हणून जे ऐकू आलं ते एवढंच: गॅस बंद केला का?

रविवारी सकाळी शेतावर कामाला येणारी सोनाबाई भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन आली. ती कोलाम आदिवासी; त्यांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. ती पोडापासून जरा लांब, एकटी राहते. नवरा वारल्यावर सगळ्यांनी मिळून तिचं दुसरं लग्न ठरवलं, तेव्हा ती नाही म्हणाली होती, हे पल्लवीच्या वडिलांकडून कळलं होतं. मला वाटलं, हिलाच विचारावं.

"नाही म्हणताना आतून काही वाटलं होतं का?"

"काई नाई."

"मग नाही कसं म्हटलंत?"

"तोंडातून होय निघालंच नाई."

"आता एकटं बरं वाटतं?"

"एकटी कुठं?" ती हसली. "ताप आला तं पोडातल्या लोकाईनंच खाटेवर उचलून नेलं. बाळंतपणाले मलेच बलावते. पण बैठकीत मले कोणी काई पुसत नाई."

"मग नाही म्हटलं ते बरोबर झालं का?"

"कधी वाटते होय, कधी नाई. तुमाले कायले पाह्यजे?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

जागा सुंदर आहे, जरूर जा. दोन दिवसांत डोकं मोकळं होईल, असं मी म्हणणार नाही. माझं जास्तच गोंधळलं.

सोमवारी मी सही केली नाही. जंगलामुळे नाही केली म्हणावं, तर तसंही नाही. पेन उघडून बसले आणि बंद केलं, इतकंच. पत्र माझ्याशिवायच पुढे गेलं. महिन्याभरानं ते प्राध्यापक सामान घेऊन निघाले. जिन्यात समोरासमोर आलो, तर त्यांनी मान फिरवली. इतरांबरोबर मीही सही केली, असंच त्यांना वाटत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. गप्प का राहिले, ते मला अजून कळलेलं नाही.