आधी त्याला ने

शाळेचा परिपाठ चालू होता तेव्हा फोन आला. रूथताईच्या शेजारच्या पारूबाईचा आवाज इतका हळू होता की मुलांना थांबवून मी व्हरांड्यात गेले, तेव्हा कुठं ऐकू आलं. "बाई, रूथबाई गेल्या वो." रोज सकाळी आपल्याकडं दुधाची किटली घ्यायला येणारी ताई त्या दिवशी आली नाही म्हणून पारूबाई दार लोटून आत गेली, तर ताई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली, अंगावर गळ्यापर्यंत नीट वाकळ घातलेली आणि उशाशी तिचा धाकटा भाऊ योना मांडी घालून बसलेला. वयानं पन्नाशीचा, पण समज चार-पाच वर्षांच्या लेकराची. पारूबाईला बघून त्यानं ओठावर बोट ठेवलं. "ताई झोपली," म्हणाला. "आवाज नको." वाकळ त्यानंच घातली होती. ती केव्हा पडली, पडल्यावर किती वेळ जिवंत होती, काही बोलली का... हे ज्याला माहीत आहे त्याला सांगता येत नाही.

या गोष्टीला दीड महिना होत आला. बदनापूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा दुसरी शिक्षिका ती होती. फाट्यावर एसटीतून उतरून कपाशीच्या बांधाबांधानं चालत मी पोहोचले ती घामानं आणि भीतीनं भिजून. तिनं डबा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "आधी जेव सुनंदा. पोरं कुठं पळून न्हाई चालली." पहिली-दुसरीचे वर्ग तिच्याकडे. बाराखडी ती चालीवर म्हणून घ्यायची, आणि बाहेर व्हरांड्यात बसलेला योना त्या चालीवर डुलायचा. त्याला फिट यायच्या, एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती त्याला रोज शेजारच्या गावाहून हात धरून चालत आणायची. आईवडील गेले तेव्हा ती नुकती नोकरीला लागलेली. स्थळं येत, पण पहिल्याच बैठकीत ती सांगे, "भाऊ संगं येईल." पाहुणे चहा पिऊन उठून जात. हे ती मला हसतहसत सांगायची, आणि मीही तेव्हा हसायचे.

एकदा मधल्या सुट्टीत योनाला मुलांच्या घोळक्यातच फिट आली. तोंडाला फेस, हातपाय ताठलेले. ताईनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर घातला आणि मुलांना शांतपणे सांगितलं, "दादाला बरं वाटत न्हाई. जरा जागा द्या." मुलं सरकून उभी राहिली, त्यांना काही वाटलं नाही. त्यांच्या घरच्यांना वाटलं. तक्रार वर गेली, साहेब आले. "बाई, ही शाळा आहे, दवाखाना नव्हे." ती म्हणाली, "साहेब, मंग याला कुठं ठेवू ते तुम्हीच सांगा." साहेबांनी खाली बघितलं, शेरा लिहिला आणि गेले. मी शेजारीच उभी होते. दुसऱ्या दिवसापासून योना घरात आणि घराला बाहेरून कुलूप. ती शाळेत यायची, शिकवायची, पण बाराखडीची चाल गेली. एक दिवस फळा पुसतापुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुलूप लावताना तो फटीतून बोट बाहेर काढतो गं. ते रोज आत ढकलावं लागतं." निवृत्त होईपर्यंत तिनं ते बोट आत ढकललं.

रविवारी मात्र तो सगळा वेळ तिच्याजवळ असायचा. मी बौद्ध घरातली. चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तिच्यामुळं. लहानसं दगडी चर्च, वर पत्रे, पुढं कोपऱ्यात जुनी पायपेटी. वडिलांकडून ती वाजवायला शिकली होती. भाता एका बाजूनं फाटलेला, तिथं तिनं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेलं, त्यामुळं प्रत्येक गीताच्या आधी पेटी दमेकऱ्यासारखा एक श्वास घ्यायची. योना खाली सतरंजीवर बसून पेटीच्या लाकडाला गाल टेकायचा. पंचक्रोशीत कुणाच्याही घरची मौत असो, ताई हातपेटी घेऊन जायची. तिच्या आवाजात गोडवा नव्हता. पण ती सूर धरायची, आणि रडणारी माणसं त्या सुराला धरून उभी राहायची.

एकदा उपासना संपल्यावर आम्ही दोघीच पायरीवर बसलो होतो. मी सहज विचारलं, डोळे मिटून एवढा वेळ काय मागतेस. ती म्हणाली, "एकच. आधी त्याला ने, मंग मला. आईच्या जागी असलेल्या बाईनं असं मागावं का? पण मागते. रोज मागते." मी तिच्या हातावर हात ठेवला, तेवढंच.

गेल्या वर्षी तिला जिने चढवेनात, छातीत कळ येई. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, भरती व्हा, ऑपरेशन करावं लागेल. "दवाखान्यात याला संगं ठेवू देतील का?" तिनं विचारलं. नाही म्हणाले. ती गोळ्या घेऊन घरी आली. मी म्हटलं, मी ठेवते त्याला. ती म्हणाली, "तुझी सासू अंथरुणावर, तुझी शाळा. अन् तो तुझ्याकडं जेवणार न्हाई गं." ते खरं होतं. तिच्या हातचाच घास तो घ्यायचा. पुण्याच्या चुलतभावाला तिनं फोन केला. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली, नाताळ झाला. नाताळच्या उपासनेत ती दोन गीतांच्या मध्ये पेटीवर कपाळ टेकून बसली होती. मंडळींना वाटलं, प्रार्थना करतेय.

तिच्या मौतीला पेटी वाजवायला कोणी नव्हतं. पाळकांनी गीत सुरू केलं, सूर कुठंच लागेना, मधेच थांबून पुन्हा सुरू करावं लागलं. योना पायपेटीजवळ जाऊन लाकडाला गाल टेकून बसला आणि वाट बघत राहिला. पेटी बाहेर नेली... चुकले, शवपेटी. तिला उचलून नेलं तरी तो उठला नाही.

चुलतभावानं त्याला लांबच्या एका संस्थेत ठेवलं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्याही घरात दोनच खोल्या आहेत. मागच्या रविवारी मी भेटायला गेले. लांबलचक खोली, ओळीनं लोखंडी खाटा. केस बारीक कापलेले, गालफडं बसलेली. योना ओळखू येईना. उजव्या मनगटाला जुन्या सुती लुगड्याची पट्टी बांधलेली, दुसरं टोक मोकळं. झोपताना ताई ती पट्टी त्याच्या मनगटाला आणि आपल्या मनगटाला बांधायची, म्हणजे फिट आली की ओढ बसून तिला जाग यायची. तिथली सेविका म्हणाली, "सोडूच देत न्हाई वो, आंघोळीलापण न्हाई. झोपायच्या वेळेला शेजारच्या खाटेवरच्याला ते टोक द्यायला जातो. तो माणूस हात झटकतो."

मी खाटेच्या कडेला बसले. योनानं ताईचं नाव काढलं नाही. थोड्या वेळानं त्यानं ते टोक माझ्या हातात ठेवलं, माझी बोटं मिटवली आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपला. मी धरून बसले. परतीची एसटी सुटायची वेळ होत आली तेव्हा मी ते टोक हळूच खाटेच्या गजाला बांधलं आणि उठले.