अंगठ्याचं माप

माझा उजवा अंगठा जाड आहे. आर्वीच्या एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर नट-बोल्ट आवळले, त्यात तो चपटा आणि निबर झाला. मोबाइल त्याला जुमानत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून लिहायला बसावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. पण लिहायचं आहे ते माझ्या सुनेबद्दल, आणि तिच्या गोष्टीत हा अंगठा येतो.

जागृती लग्न होऊन आली ती शिलाई मशीन घेऊन. समोरच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची. अंगावर घालून पाहिल्याशिवाय ती कोणाला ब्लाउज नेऊ देत नसे. बाई कितीही घाईत असो, "आधी ट्रायल द्या, मग न्या." पुढे बाजारात तयार ब्लाउज आले आणि लग्नसराई सोडली तर मशीन झाकलेलीच राहू लागली.

तेव्हा तिनं नागपूरच्या एका संस्थेच्या कोडिंग बूटकॅम्पमध्ये नाव घातलं. घरी बसून, लॅपटॉपवर, वेबसाइट बनवायला शिकायचं.

माझा मुलगा राकेश म्हणाला, "ते इंजिनिअर लोकायचं काम होय. तू बारावी."

"ब्लाउज तरी मी कोणत्या कॉलेजात शिकली?"

एकदा दुपारी ती एकटीच हसत बसलेली दिसली. मी विचारलं, "काऊन हासून राह्यली?"

"मामाजी, मार्जिन उलटंच निघालं."

शिवणकामात मार्जिन म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. ते बाहेर दिसू द्यायचं नसतं. वेबसाइटवर मार्जिन चौकटीच्या बाहेर, दोन चौकटींच्या मधे सोडतात. हे तिला समजलं, पण हात जुन्याच सवयीचा. मधे जागा दिसली की तिला शिवण उसवल्यासारखी वाटे आणि ती मिटवून टाके.

शेवटी प्रत्येकानं एक वेबसाइट बनवून दाखवायची होती. एका कंपनीचे साहेब ती ऑनलाइन पाहणार होते. पसंत पडली तर नोकरी, नाही तर पुन्हा झाकलेली मशीन. जागृतीनं दवाखान्यात नंबर लावायची वेबसाइट बनवली आणि आदल्या दिवशी फोन माझ्या हातात दिला.

"मामाजी, घालून पाहा."

माझी बायको कांता तांदूळ निवडत होती, ती हसली. जागृतीही हसली. "म्हणजे, चालवून पाहा."

मी नाव लिहिलं, वय लिहिलं, 'नंबर लावा' दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारी चिकटूनच 'रद्द करा' होतं आणि माझा अंगठा तिकडेच पडत होता.

"मले नाई जमत बेटा. शिकलेल्या माणसाले दे." फोन ठेवून मी अंगणात जाऊन बसलो. ऐन वेळी तिचं काम आपण बिघडवलं, असंच वाटत होतं.

थोड्या वेळानं ती टेप घेऊन बाहेर आली. "हात द्या बरं." तिनं माझ्या अंगठ्याचं माप घेतलं, आडवं आणि उभं.

दारातून कांता म्हणाली, "आता काय अंगठ्याले ब्लाउज शिवतं का वं?"

"बटण लावून राह्यली, आई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरातून ऐकत होतो. साहेब म्हणाले, "बाकीच्यांची बटणं नाजूक आहेत. तुमची एवढी मोठी, आणि मधे इतकी मोकळी जागा का?"

कांतानं कुकरखालचा गॅस बंद केला.

मग जागृतीचा आवाज आला, "सर, ते माझ्या सासऱ्यांच्या अंगठ्याचं माप आहे."

पलीकडे कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "आहेत का ते घरी?"

मी भिंतीकडे सरकलो. कांतानं पाठीत ढोसलं. "जा ना आता. तुमच्या बनियनले कोण पाहून राह्यलं?"

गेलो. जागृतीनं फोन लॅपटॉपसमोर धरला, मी दाबलं. 'तुमचा नंबर लागला.' साहेब "बरं" म्हणाले. रंग फार भडक आहेत, कमी करा, असंही म्हणाले. त्यावरून आम्हाला काहीच कळेना.

आठवड्यानं फोन आला. जागृतीनं तो मशीनजवळ उभं राहून, तिच्या चाकावर हात ठेवून ऐकला. मग आमच्याकडे वळली. "ठेवलं मले."

साहेबांचं म्हणणं, त्यांच्या वेबसाइट वापरणारे बरेचसे म्हातारेच आहेत, आणि बनवल्यावर घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात देऊन पाहणारी ही एकटीच निघाली.

रिटायर झाल्यापासून माझ्या हाताचं कोणाला काम पडलं नव्हतं. तो चुकला तेव्हा तिनं त्याचं माप घेतलं. तिचे आभार तोंडानं मानायला मला जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं.

काल तिनं नवी वेबसाइट उघडून पुन्हा फोन पुढे केला. मी दाबलं आणि चुकलं.

"थांबा मामाजी," ती म्हणाली, "जरा सैल करून देते."