काकूंची गाणी आणि काकांची खात्री

जबलपूर शहरात जेवढी म्हणून कुलपं नीट लागली आहेत, त्यांतली निम्मी तरी माझ्या बायकोच्या काकांनी ओढून बघितलेली आहेत. स्वतःच्या घराचं कुलूप तर ते ओढतातच, पण आमच्याकडे येता येता वाटेतल्या बंद दुकानांचीही सोडत नाहीत. सगळी नोकरी इथल्या फॅक्टरीत, तपासणी विभागात गेली. काका रिटायर झाले, तपासणी काही झाली नाही. एकदा आम्ही नागपूरला लग्नाला निघालो. गाडी पुढच्याच मदनमहाल स्टेशनाला टेकते न टेकते तोच काका खाली उतरले. का, तर गॅस बंद केला की नाही! आम्ही अक्षता टाकल्या, जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी काका उगवले. "काय हो, चालू होता?" मी विचारलं. "बंद होता न, जवाईबापू! म्हणून तर निर्धास्त येता आलं." आता अशा माणसाशी भांडायचं तरी काय, कप्पाळ?

अशा माणसाच्या घरी व्हायरस शिरला, तोही काळजीच्याच वाटेनं. पडद्यावर हिंदीत पाटी आली, 'आपका कंप्यूटर खतरे में है, तुरंत जाँच करें'. जाँच म्हटल्यावर काका कसले थांबतात! त्यांनी बटण दाबलं आणि कम्प्युटर असा काही बिथरला, की एक खिडकी बंद करावी तर चार उघडू लागल्या. सिस्टम नव्यानं टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्यात आतलं सगळं पुसलं जाणार होतं. घरी प्रिंटर असल्यामुळे सासरी मी जाणकार समजला जातो, म्हणून फोन मला आला. "जवाईबापू, बाकी सगळं जाऊ द्या," काका म्हणाले, "पण तुमच्या काकूंची गाणी आहेत त्याच्यात."

मग मीही हबकलो. काकूंचा गळा काय सांगावा! भुलाबाईची गाणी त्यांच्याइतकी आमच्या नात्यात कोणालाच येत नाहीत. नातीला मराठी समजतं, पण तोंडातून हिंदीच निघतं. तिच्या कानावर तरी पडावीत म्हणून काकांच्या मुलीनं ती कम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवली होती. आणि पुढच्याच थंडीत काकूंना अर्धांगाचा झटका आला. आता त्या खुर्चीत बसतात, सगळं ओळखतात, पण बोलणं गेलं. त्यांचा आवाज उरला होता तो त्या डब्यात.

"पेन ड्राइव्हवर घेतलं न सगळं?" कम्प्युटर घेऊन नेपियर टाउनच्या दुरुस्तीच्या दुकानाकडे जाताना मी ऑटोत विचारलं. काकांनी शर्टाचा खिसा थोपटला. "घेतलं. घरी लावून, एक एक गाणं वाजवूनही बघितलं. खात्री केल्याशिवाय निघणार काहून?" मला हायसं वाटलं. दुकानातला भैया म्हणाला, "अंकल, डाटा निकाल लिया ना? फॉर्मेट मार दूँ?" मी "मार दो" म्हणणार, तेवढ्यात काका म्हणाले, "भैया, एक बार आपके वाले में बजाकर देख लें?" मी वैतागलो. "काका, अहो किती वेळा?" पण त्यांनी ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही तेच बरं झालं. त्या कम्प्युटरवर एकही गाणं उघडेना. मुलीनं खऱ्या फाइली आत नीट ठेवून, काकांना सापडाव्यात म्हणून बाहेर नुसते शॉर्टकट, म्हणजे त्या फाइलींकडे नेणाऱ्या खुणा, काढून ठेवले होते. काकांनी तेच पेन ड्राइव्हवर घेतले. घरी वाजले, कारण गाणी घरच्याच कम्प्युटरमधून वाजत होती! मघाशी तो शब्द माझ्या तोंडातून निघाला असता तर?

भैयानं डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली, व्हायरस तपासायला लावला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली आणि इकडे काकांची पट्टी सुरू झाली. "सरकून राहिली न? थांबली काहून? जवाईबापू, लाइट तर नाही जाणार?" बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तरी ते दचकत. शेवटी गाणी सापडली, धड निघाली. भैयानं काकांच्या कानाला हेडफोन लावला. आणि काय आश्चर्य, काका एकदम गप्प झाले. "काका, आहे न आवाज?" मी दोनदा विचारलं. त्यांनी नुसतं ओठावर बोट ठेवलं. मग सिस्टम नवी टाकून होईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटू लागली.

घरी येऊन कम्प्युटर लावला, काकूंची खुर्ची जवळ ओढली. गाणं सुरू झालं. काकूंचा तो भरलेला, मोकळा गळा खोलीभर झाला. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच मधे काकांचा जुना आवाज घुसला, "अगं, रेकॉर्ड होऊन राहिलं न? एकदा बघून घेऊ का?" आणि काकू कडाडल्या, "होऊन राहिलं न! तुम्ही जरा चूप बसा न बाप्पा!"

मला हसू फुटलं. खुर्चीतल्या काकूंनी चांगला हात हळूच उचलला आणि बोट काकांवर रोखलं. डोळ्यांत तोच जुना दरारा.

"बरं," काका म्हणाले, आणि गाणं संपेपर्यंत चूप बसले.