इंदू मॅडमची पसंती

इंदू मॅडमनी तीस वर्षं रामनगरच्या एका कोचिंग क्लासात लोकांना इंग्रजीतून आवडनिवड सांगायला शिकवलं. "‘मला हेच पाहिजे’ असं धाडकन म्हणू नका, उद्धट दिसतं. ‘आय वुड रादर’ म्हणा, ‘आय वुड प्रिफर’ म्हणा. आणि समोरच्याला एकदाच विचारा. तो सांगेल ते खरं माना, गळ घालू नका." हाच धडा त्यांनी आपल्या मुलाकडून, निनादकडूनही घोटून घेतला.

घरी मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान! हिंदी मुलखातल्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी वैदिकांच्या घरात त्या वाढल्या. तिथे पंगतीत पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘पुरे’, आणि तिसऱ्या आग्रहाला पानावरचा हात काढायचा. पहिल्याच खेपेला ‘वाढा’ म्हणणारी मुलगी हावरट ठरायची. त्यांचे यजमान वासुदेवराव होते तोवर तिसऱ्यांदा विचारणारं माणूस घरात होतं. ते गेले, आणि विचारणंही गेलं.

यंदा फाल्गुनात निनाद नोएडाहून आला. चहा घेता घेता म्हणाला, "आई, आपल्या दोन खोल्यांना गिऱ्हाईक आलंय. तुला इथेच राहायचंय, की माझ्याकडे येतेस? दबाव नाही हं. तुला आवडेल ते."

इंदूबाईंचा सगळा जीव त्या दोन खोल्यांत. पण ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. "माझं काय, तुम्हाला सोयीचं तसं करा," म्हणाल्या, आणि पदर सारखा करून पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसल्या.

"पक्का ना?" एवढंही त्यानं विचारलं नाही. "थँक्यू, आई. मला वाटलं होतं तू नाराज होशील," म्हणाला आणि फोन लावायला गच्चीवर गेला. गुणी लेक! शिकवलेलं एक अक्षर विसरला नव्हता.

पंधरा दिवसांनी सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत खोल्यांच्या खरेदीखतावर त्यांची सही व्हायची होती. अजूनही वेळ गेली नव्हती, पण मराठीत तोंड उघडेना. या घरात त्या भाषेत त्यांनी स्वतःहून कधी काही मागितलंच नव्हतं. शेवटी ट्रंकेवर बसून त्या स्पष्ट म्हणाल्या, "निनाद, आय वुड रादर स्टे हिअर."

निनाद हातातली दोरी टाकून खळखळून हसला. "वा! अजून क्लास सुटला नाही का तुझा?" मग हमालाकडे वळून कौतुकानं म्हणाला, "सुना भैया? हमारी माँ की अंग्रेजी!"

"बहुत बढ़िया, माताजी," हमाल म्हणाला. "अब ज़रा उठ जाइए, ट्रंक ले जाना है."

इंदूबाई उठल्या.