भिमाबाईंनी दिलेलं पाणी

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आयुष्य काढलं. ब्रेकच्या पार्टला गेज लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. एवढीच माझी विद्या. रिटायर झालो आणि घरात भाजीच्या फोडी एकसारख्या नाहीत म्हणून बायकोशी वाद घालू लागलो, तेव्हा तिनंच पाळकसाहेबांना गाठून मला चर्चच्या कामाला जुंपलं.

काम असं होतं. आमच्या काळेवाडीच्या मंडळीतली दिव्या ओहोळ ही मुलगी आफ्रिकेत, मलावी देशात नर्स आहे. ज्यांच्यावर आता औषधाचा उपयोग नाही अशा माणसांची शेवटपर्यंत सेवा करणारी एक लहानशी संस्था तिकडे आहे, तिथं ती असते. खेड्यापाड्यांत, त्यांच्या त्यांच्या झोपडीत जाऊन ही मंडळी त्यांना धुतात, पुसतात, कूस बदलून देतात. त्यांना लागतं तरी काय? मऊ सुती कापड, साबण, टॉवेल, हातमोजे, रबरी चादर, ओठांना लावायला जेली. दरवर्षी ईस्टर झाला की आमच्या बायका घरोघरच्या जुन्या सुती साड्या आणतात, उकळून वाळवतात, फाडून घड्या करतात, आणि चर्चमागच्या हॉलमध्ये एकेका माणसाची एकेक पिशवी भरली जाते. चाकणच्या एका भल्या माणसाच्या कंपनीतून पुठ्ठ्याची खोकी फुकट मिळतात. ती भरून जहाजानं जातात. पिशवी नीट भरली की नाही हे बघणारा मी.

या हॉलमध्ये भिमाबाई चक्रनारायण यांच्याशी माझी गाठ पडली. मूळच्या नेवाशाकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. ठेंगण्या, काटक, आणि तोंडाला उसंत नाही. कामाला मात्र वाघीण. माझं म्हणणं, हात चालू असताना तोंड बंद पाहिजे. त्यांचं म्हणणं, "भाऊ, तोंड बंद केलं का हात झोपत्यात." मी कंपनीत भल्याभल्यांना गप्प बसवलं, पण या बाईपुढे हात टेकले.

त्या बोलत ते बहुतेक दोन मरणांबद्दल. नवीन कुणी बाई शेजारी बसली की तिला ती दोन्ही ऐकावी लागत.

पहिलं त्यांच्या मुलाचं. प्रीतम आयटीआय करून वेल्डर झाला, चाकणला कंत्राटावर राबला, कायम कुणी करीना म्हणून मस्कतला गेला. तिथं त्याला पोटाचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तोच शेवटच्या टप्प्याचा. विमानात बसवण्यासारखी त्याची अवस्था नव्हती. इकडे भिमाबाईंचा पासपोर्ट निघायच्या आत सगळं संपलं. पेटी आली ती खिळे ठोकलेली, उघडायची नाही असं सांगून आलेली. त्याच्या खोलीवर राहणारा बंटी नावाचा जुन्नरचा मुलगा पुढे सुट्टीवर आला तेव्हा भेटायला आला होता. तो शेवटी प्रीतमच्या उशाशी होता. त्यानं खरं ते सांगितलं. प्रीतम पाणी मागत होता, बंटीनं पाण्याचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला, आणि तिथल्या सिस्टरनं त्याचा हात धरला. पाणी देऊ दिलं नाही. ओल्या कापसानं नुसते ओठ पुसत राहिली.

"कापसानं कुठं तहान भागती का?" भिमाबाई विचारायच्या. "माझं लेकरू पाण्यावाचून गेलं. मागत व्हतं आन् तिनं दिलं न्हाई. तिचा हात झडंल." हे त्या चर्चच्या हॉलमध्ये, क्रुसाखाली बसून म्हणत, आणि पाळकसाहेब ऐकून न ऐकल्यासारखं करत. क्षमा करा असं भिमाबाईंना सांगायची त्यांचीही छाती नव्हती.

दुसरं मरण नवऱ्याचं. सोनबा भोसरीच्या फाउंड्रीत होते, धुरानं छातीचं खोकं झालं. प्रीतमनंतर काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. ते घरी गेले, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून, आणि तिच्या हातचं पाणी पिऊन. हे सांगताना भिमाबाईंचा आवाज मऊ व्हायचा. "पोराचं ऱ्हायलं ते ह्यांच्या वक्ताला केलं. चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. तेवढं तरी देवानं माझ्या हातून करून घेतलं." या एका पाण्याच्या आधारावर ही बाई उभी आहे, असं मला वाटायचं.

यंदा त्यांनी नवीनच काढलं. पिंपरी कॅम्पातून स्टीलचे छोटे चमचे आणले, पेन्शनमधून, कुणाला न विचारता, आणि प्रत्येक पिशवीत टॉवेलच्या घडीत एकेक घालू लागल्या. माझ्या हाताला लागला तेव्हा मी तो काढून बाजूला ठेवला. त्यांनी परत घातला. मी परत काढला.

"भिमाबाई, कागदावर नाही ती वस्तू खोक्यात गेली तर माल बंदरावर अडकेल."

"मंग कागदावर लिवा."

"दिव्यानं मागितलेला नाही."

"ती पोर हाय. तिला काय ठावं, मरताना मानसाला काय लागतं?"

मी पाळकसाहेबांकडे तक्रार नेली. त्यांनी सांभाळून घेत विचारलं, की बाई, शेवटचं पाणी द्यायचं हे आपल्या शास्त्रात कुठं सांगितलंय? भिमाबाईंनी घडी घालता घालता उत्तर दिलं, "वधस्तंभावर प्रभूला तहान लागली व्हती का न्हवती? त्याला बी कुनी धड पाणी दिलं न्हाई. तवा आमी द्यावं." पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि चमचे कागदावर चढले. लाल पेटीत टाकायची माझी सवय त्या दिवशी हरली.

खोकी बंद करायच्या आधीच्या रविवारी दिव्या सुट्टीवर आली. उपासना संपल्यावर सगळ्या बाया तिला हॉलमध्ये घेऊन आल्या. दिव्या शांत मुलगी, आणि तिकडे राहून जास्तच शांत झालेली. एक पिशवी तिनं उघडली, साड्यांच्या घड्यांवरून हात फिरवला, अशा मऊ कापडासाठी तिकडची माणसं किती दुवा देतात ते सांगितलं. मग टॉवेलमधून चमचा निघाला.

"हा कशासाठी?"

सगळ्यांनी भिमाबाईंकडे पाहिलं. त्या पुढे झाल्या, पदर सारखा केला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "शेवटचं पाणी पाजायला. तुमच्याकडं कुनी तहानलेलं जाऊ नये म्हनून."

दिव्याला प्रीतमचं काही माहीत नव्हतं, ती तेव्हा शिकायला बाहेर होती. तिनं भिमाबाईंचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. शेवटच्या वेळेला माणसाला गिळता येत नाही, मावशी. तोंडात पाणी घातलं की ते पोटात जात नाही, श्वासाच्या नळीत जातं. माणूस गुदमरतो. म्हणून आम्ही पाणी पाजत नाही, घरच्यांनाही पाजू देत नाही. कापूस ओला करून ओठ भिजवत राहायचं, जीभ ओली ठेवायची. तहान त्यानंच शमते. ते करायला खूप वेळ बसावं लागतं.

भिमाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"म्हंजी कापूस लावत बसती, ती सिस्टर चांगली असती?"

"चांगली असते, मावशी. घाईची असती तर बसली नसती."

भिमाबाई खालीच बसल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं मुलाचं मरण सांगितलं ते कोरड्या डोळ्यांनी, रागानं. आता मात्र त्या अनोळखी सिस्टरसाठी रडत होत्या. "म्या तिला किती शिव्याशाप दिले गं. तिनं माझ्या लेकराचे व्हट भिजवले आन् म्या तिचा हात झडंल म्हनले." बाया त्यांच्याभोवती बसल्या, कुणी पाठीवर हात फिरवला, कुणी डोळे पुसले. दिव्याला कुणीतरी हळूच प्रीतमची हकिगत सांगितली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी हात जोडले. मलाही बरं वाटलं, अगदी मोकळं. बाईच्या काळजात इतकी वर्षं रुतलेला काटा निघाला असंच मी समजलो, आणि गुपचूप एकेका पिशवीतला चमचा काढायला लागलो.

मी त्या चमच्यांचा आवाज करायला नको होता.

भिमाबाईंनी मान वर केली. रडणं थांबलं होतं. त्या माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चाललेला मला दिसला. मला कळलं, आणि वाटलं, देवा, हिला हे एवढं सुचू नये.

"दिव्या," त्या म्हणाल्या, "प्रीतमच्या वडलांना म्या पाणी पाजलं."

पाळकसाहेबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"चार-पाच चमचे ग्येले. मंग ठसका लागला. लई लागला. डोळे मोठे झाले. मला वाटलं, जीव जाताना असंच व्हतं. म्या आनखी एक चमचा दिला, ठसका बसावा म्हनून." त्या थांबल्या. "मंग ग्येले."

"मावशी, ते जाणारच होते," दिव्या म्हणाली.

"ते म्या न्हाई इचारलं."

दिव्यानं मान खाली घातली. तिनं खोटं बोलावं असं मला फार वाटलं. जन्मभर खोटा माल पुढे सोडला नाही, पण त्या क्षणी मी स्वतः वाटेल ते खोटं बोललो असतो.

"आधी त्यांनी तोंड मिटून घेतलं व्हतं," भिमाबाई म्हणाल्या. आता त्या कुणालाच सांगत नव्हत्या. "नको म्हनून मान हालवली. म्या म्हनले, आवो, प्या. पोराला न्हाई मिळालं, तुमी तरी प्या. माझ्या हातचं हाय."

दिव्या त्यांच्यापाशी जमिनीवर बसली. तिचे डोळे भरले होते. "तुमचा हात आहे हे त्यांना कळलं असेल, मावशी," ती म्हणाली.

"कळलं," भिमाबाई म्हणाल्या. "म्हनूनच तोंड उघडलं."